पऱ्यावरचा लाकडी साकव बदलायचा आहे (डांबरी रस्त्यापासून ५ किमी पायवाट, क्रेन नाही)

व्हाळकाठ
सह्याद्रीच्या कोकणाकडच्या उतारावरची वाडी आहे. रस्ता संपतो तिथून ५ किमी पायवाट, शेवटचा दीड किमी घळीतून उतार. वाडीखालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, ऐनाच्या लाकडाच्या तीन तुळयांचा साकव (छोटा पूल) आहे. काठापासून काठापर्यंत ८ मीटर, रुंदी १.२ मीटर, पात्रापासून तुळईच्या बुडापर्यंत २.६ मीटर. पुराची खूण बुडाच्या अर्धा मीटर खाली दिसते. डावा काठ काळा कातळ. उजवा काठ खाली जांभा आणि वर माती.
मधल्या तुळईचं उजवं टोक गेलंय, पहार टोचली की चार इंच आत जाते. वरून तुळई ठणठणीत दिसते. फळ्याही काही ठिकाणी नरम आहेत. वापर रोजचा: शाळेची पोरं, गुरं, डोक्यावरचे भारे, आणि गणपतीत चाकरमानी.
तीन प्रश्न. एकच तुळई बदलून भागेल का? लाकूड घालावं की लोखंड? आणि एवढ्या आत माल न्यायचा, उभा करायचा कसा? फेब्रुवारीत पात्रात घोट्याएवढंच पाणी असतं.

रंधा
एक बदलून भागणार नाही. टोक मातीत गाडलेलं असणार, म्हणूनच गेलंय. तुळईचा मधला भाग पावसाळ्यानंतर वाऱ्याने सुकतो, टोक मात्र बारा महिने ओलं राहतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि ती आतून खाते. वरचा अर्धा इंच कडक राहतो, म्हणून तुळई ठणठणीत दिसते. बाकीच्या दोघींची टोकंही त्याच मातीत आहेत.
तपासायची रीत अशी. टोकाजवळची माती हातभर उकरा. जाड हातोडीने मधून टोकाकडे ठोकत या. चांगलं लाकूड टणटण वाजतं, पोकळ भदभद करतं. आवाज बदलला तिथे बुडाकडून गिरमिटाने १० मिमीचं भोक पाडा आणि भुसा हातावर घेऊन बघा. कोरडा, तंतूदार आला तर ठीक. काळपट, चिकट, वासाचा आला तर ती तुळई संपली. भोकात नंतर लाकडी खुंटी तेल लावून ठोका. भोक उघडं ठेवाल तर तिथूनच पाणी शिरेल.
फळ्या ठोकल्यात त्या खिळ्यांच्या ओळीतही तपासा. खिळ्याच्या कडेने पाणी तुळईत उतरतं. बऱ्याच साकवांत टोकानंतर हीच जागा जाते.

गुण्या_ओळंबा
रंधा म्हणतात ते बरोबर. आता लाकूड की लोखंड, त्याचा हिशेब मांडतो.
पादचारी भार चौरस मीटरला ४०० किलो धरतात, गर्दी होणार असेल तिथे ५००. आधी ४०० धरू. रुंदी १.२ म्हणजे मीटरला ४८० किलो, त्यात साकवाचं स्वतःचं वजन मीटरला १८० च्या आसपास. तीन तुळयांत वाटलं तर एकीला मीटरला २२० किलो. ८ मीटर गाळ्याला (दोन टेकणांमधल्या अंतराला) १५० × २५० मिमीची तुळई घेतली तर लाकडावरचा ताण ११ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या वर जातो आणि तुळई भरल्या साकवात ६० मिमी लवते. उघड्यावरच्या, ओल्या जागेच्या लाकडाला मी १० च्या वर जात नाही. १५० × ३०० घेतली तर ताण ८ च्या आत येतो, लवण ३५ च्या आसपास. म्हणजे १५० × ३०० हवीच.
आता तिचं वजन बघा. लांबी ८.६ मीटर (दोन्हीकडे ३०० मिमी टेकण धरून). सुकलेला ऐन घनमीटरला ८५० किलो धरला तरी एक तुळई ३३० किलो. ओली असेल तर त्याहून खूप जास्त. शिवाय तुकडे करता येत नाहीत.
लोखंडात २५० चे दोन चॅनेल (२५० मिमी उंच, C आकाराच्या लोखंडी तुळया: उभं पोट, वर-खाली आडव्या पट्ट्या) पुरतात. मीटरला ३०.४ किलो. ताण ८० च्या आसपास, लवण २२ मिमी. २०० चे चॅनेल ताणाला पास होतात, पण ४० मिमीच्या वर लवतात. गुरं चालली की साकव झुलतो, आणि एकदा बिथरलेलं गुरू पुन्हा पाय टाकत नाही. म्हणून २५०.
खरा फायदा असा की चॅनेल तुकड्यांत जातो. पण तीन सारखे तुकडे करू नका. मधला ४.२ मीटर, टोकाचे २.२ चे दोन. मग सांधा टेकणापासून १.९ मीटरवर येतो आणि तिथे वाकवणारा जोर मधल्याच्या ७०-७५ टक्केच असतो. सारखे तुकडे केले तर तोच जवळपास ९० टक्के होतो. दोन सारखे तुकडे करून बरोबर मधोमध सांधा घेणारे फॅब्रिकेटर भेटतात, त्यांना तिथेच थांबवा.

घाटवाट
मधला तुकडा १२८ किलो, टोकाचा ६७. टोकाचा चौघं आरामात नेतात. मधल्याला सहा जण, माणशी २१ किलो. सपाटीला ठीक आहे. घळीत दोघं खालच्या दगडावर उतरले की त्यांचे खांदे सुटतात आणि भार उरलेल्या चौघांवर येतो, माणशी ३२. म्हणून घळीत आठ जण धरा, आणि शिवाय मागे दोर धरून दोघं. दोर झाडाला एक वेढा मारून सोडत जायचा, नुसता हातात धरायचा नाही.
वजनाआधी वळणं तपासा. ४.२ मीटरचा बांबू कापा, दोघांनी तो खांद्यावर घेऊन सगळी वाट चालून बघा. बांबू अडला तिथे चॅनेल अडणार. अडली जागा उभी करून पार होते का तेही त्याच बांबूने कळतं. नाहीच झालं तर कारखान्यात जायच्या आधी तुकड्यांची लांबी बदला. घळीत उभं राहून गॅस कटर लावायची वेळ येऊ नये.
सिमेंटची पिशवी रस्त्यावरच फोडून २५-२५ किलोच्या दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्या करा. गाढवं मिळाली तर घळीच्या तोंडापर्यंत अख्खी पिशवी जाते, पुढे माणूस.

व्हाळकाठ
बांबूची कल्पना झकास. विसर्जनाच्या दिवशी साकवावर माणसं थांबतात, मिरवणूक अडते, फोटो काढतात. ४०० पुरेल?

गुण्या_ओळंबा
मग ५०० धरा. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल कोसळून चार जण गेले, तोही पुलावर गर्दी असताना. चालणारी माणसं अंतर ठेवून चालतात, थांबलेली खांद्याला खांदा लावून उभी राहतात.
५०० ला मघाच्याच दोन चॅनेलांत ताण ९७, लवण २६ मिमी. म्हणजे तेच चॅनेल चालतात. चॅनेल एकमेकांपासून ९०० मिमीवर, दर २ मीटरला ५० × ५० × ६ चा आडवा अँगल आणि खालून तिरके अँगल. ते गाळू नका. एकटा उभा चॅनेल भाराखाली बाजूला पिळतो, तो पीळ हे अँगल अडवतात.
दोन्ही तोंडांना मोटरसायकल शिरणार नाही असा खांब रोवा. गाडीरस्ता आज नाही, उद्या येईल.

किवी_कोकणी
न्यूझीलंडमध्ये जंगलवाटांवरच्या झुलत्या पुलांना तोंडाशीच पाटी असते: एका वेळी इतकीच माणसं. काही पुलांवर एकच. अवघड जागी माल हेलिकॉप्टरने टाकतात, तो भाग आपल्या उपयोगाचा नाही. लाकडाचा नियम मात्र उपयोगी आहे. तिथे पाइन दाबाखाली रसायन मुरवून वापरतात, आणि जागेवर कापलं किंवा भोक पाडलं की ती ताजी जागा पुन्हा रसायनाने रंगवल्याशिवाय बसवत नाहीत. मुरवणूक बाहेरच्या थरातच असते. कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं.

रंधा
ऐन-सागाच्या गाभ्यात रसायन मुरतच नाही, दाबाखालीही फार नाही. ते सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात जातं. म्हणून आपल्याकडे उपाय वेगळा: पांढरा भाग तासून टाकायचा आणि गाभ्याचंच लाकूड वापरायचं. टोकांना आणि भोकांना काजूच्या टरफलाचं तेल गरम करून दोन-तीन हात. हातमोजे हवेतच, कातडी भाजल्यासारखी निघते. पऱ्याचं पाणी खाली कुणी पीत असेल तर डांबरतेल नको.
आता फळ्यांचं. तुळया लोखंडी करा, माझी हरकत नाही. पण वर चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा) टाकू नका. जुलैत त्यावर शेवाळ धरतं आणि उतारवाटेने आलेला माणूस थेट आडवा होतो. जाळीची ग्रेटिंगही नको. खालचं पाणी दिसलं की गुरं तोंडाशीच पाय रोवतात, आणि वासराचा खूर अडकला तर मोडतो.
फळ्याच घाला. १५० × ५०, लांबी १.२ मीटर, मधे १० मिमी फट. ८.६ मीटरला ५४ फळ्या. एक फळी साडेसात-पावणेआठ किलो. फट १० च्या खाली नको, पालापाचोळा अडकून ओल धरतो. २० च्या वर गेली तर शेळीचा पाय अडकतो. फळीचा गाभा वर की खाली यावर सुतारांत भांडणं होतात. कापलेल्या टोकाकडून बघा, वाढीच्या कड्यांची कमान खाली फुगलेली ठेवा. मग फळी वाळून वाकली तरी मधे पाणी साचत नाही.

लोखंडी_चणे
रंधादादा, वाळवीचं काय? शेवाळ फळीवरही धरतंच. प्लेटवर एपॉक्सी लावून त्यावर वाळू मारली की पाय धरतो.

रंधा
दोन वर्षं धरतो. मग गुरांच्या खुरांनी मधली पट्टी घासून गुळगुळीत होते, आणि पुन्हा लावायला कोरडी, तेल नसलेली प्लेट हवी. फळीवर कोंबडीजाळी ठोकली की काम झालं. फाटली तर वाडीतलाच कुणीही हातोडी घेऊन बदलतो. वाळवी मातीतून चढते. लोखंडी तुळईवरच्या फळीला मातीच नाही, तर तिची वाट तुटली. फक्त पहिली आणि शेवटची फळी काठाच्या मातीला टेकू देऊ नका. तिथे दगडाची पायरी आणि मधे दोन बोटं हवा.
जुन्या तुळयांचा मधला चांगला भाग फेकू नका. त्यातून कडेच्या पट्ट्या आणि निम्म्या फळ्या निघतील, तेवढं ओझं वाचलं. साकव ग्रामपंचायतीच्या नोंदीत असेल तर आधी पंचनामा.

जांभा_चिरा
पायाचं कुणी बोललं नाही, आणि साकव पायातूनच जातात.
डावा काठ सोपा. कातळात २० मिमी सळईसाठी २५ मिमीचं भोक, ३०० मिमी खोल, चार भोकं, सळया एपॉक्सी रेझिनने चिकटवायच्या. भोक ब्रशने घासा, फुंकणीने फुंका, पुन्हा घासा, असं तीनदा. धूळ राहिली तर एपॉक्सी धुळीला चिकटतं, दगडाला नाही, आणि सळई हाताने फिरते. चार भोकांना अडीचशे मिली रेझिन सांडलवंड धरून. वर सपाट बेड ब्लॉक (तुळया टेकायचा काँक्रीटचा ठोकळा) ओता.
उजवीकडे हे करू नका. जांभ्यात पोकळ्या असतात. रेझिन ओतलं की ते आतल्या आत नाहीसं होतं. शिवाय जांभ्याखाली पुष्कळदा पांढरट-पिवळट चिकणमाती असते. पूर ती खालून धुऊन नेतो, वरचा जांभा छतासारखा लटकत राहतो आणि एखाद्या आषाढात तुटतो. बुडाशी पहार मारून बघा. मऊ लागलं तर पाया त्याच्या खाली न्या, नाहीतर काठापासून मीटर-दीड मीटर मागे घ्या आणि गाळा वाढवा.
पायाला काँक्रीट नेऊ नका, खडी-वाळूच पाच-सहा टन होईल. पात्रातला काळा दगड आहेच, तो १:४ सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बांधा. १.८ × ०.६ × १.२ मीटरचा पाया म्हणजे १.३ घनमीटर, सिमेंट साधारण सव्वातीन पिशव्या. त्यावर १.८ × ०.५ × ०.३ चा बेड ब्लॉक, सळई घालून, त्याला दोन. दोन्ही काठ आणि किरकोळ धरून १४ पिशव्या न्या. दर्शनी दगड सगळेच आडवे नकोत, दर चौरस मीटरला एक तरी लांब दगड आरपार मागे गेलेला हवा. मागच्या भरावात १०० मिमीचे पाइप ठेवा, नाहीतर माती पाणी पिऊन भिंत पुढे ढकलते.
पऱ्याची वाळू वापरायची तर पारदर्शक बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, हलवून ठेवून द्या. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर धुऊन घ्या. जांभ्याच्या पट्ट्यात तो हमखास जास्त असतो.

दोरखंड
चॅनेल पऱ्यावर न्यायला तारेचा दोर ताणा. दोन्ही काठांवरच्या झाडांना १२ मिमीचा, त्यावर कप्पी, कप्पीला चेन पुली. २० मीटर अंतर, मधे १ मीटर झोळ, १२८ किलोचा तुकडा: दोरात सहा-साडेसहाशे किलो ताण. १२ मिमीचा दोर सात टनांच्या आसपास तुटतो, म्हणजे भरपूर वाव. फक्त झोळ कमी करायच्या मोहात पडू नका. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट. मग आधी झाड उपटतं.
यू क्लिपा टोकाला चार, ७५ मिमी अंतराने. नाळेसारखा भाग ओझं घेणाऱ्या दोरावर, यू शेपटावर (दोराच्या मोकळ्या टोकावर). उलटा लावला तर यू ओझ्याचाच दोर चेपतो आणि तारा तुटायला तिथून सुरुवात होते. पहिलं ओझं उचलून खाली ठेवलं की नट पुन्हा आवळा, दोर ताणाने बारीक होतो. झाडाला गोणपाट गुंडाळून मगच दोर.

गुण्या_ओळंबा
हिशेब बरोबर आहे, पण इथे गरज नाही. पाणी घोट्याएवढं आणि उंची २.६ मीटर. दोन घोड्या (लाकडी तात्पुरते टेकू) उभ्या करा, बरोबर सांध्यांच्या खाली. निलगिरीच्या बल्ल्या, तिरके आधार, खाली सपाट दगड. त्यावर तुकडे ठेवून सांधा आरामात, सरळ रेषेत आवळता येतो. तारेवर लोंबकळत्या तुकड्याला सांधा करायचा म्हणजे भोकं जुळवताना बोटं जातात. तुमचा दोर घळीत वापरा, वरून खाली तुकडे सोडायला. तिथे तो आठ माणसं वाचवतो.
घोडीवर सांध्याची जागा १५ मिमी वर उचलून ठेवा. भोकं बोल्टापेक्षा २ मिमी मोठी असतात, भार आला की सांधा तेवढा सरकतो आणि तुळई मधे बसते. आधीच उचललं तर ती सरळ येते.
नवा साकव जुन्याच्या जागी नको. दीड-दोन मीटर वरच्या अंगाला (पाणी येतं त्या बाजूला) घ्या. काम चालू असताना जुना वापरात राहतो, वाडी तुटत नाही. जुना मात्र पावसाआधी काढा.
पुराच्या खुणेवर अर्धा मीटर कमी आहे. ओंडका वाहत येतो त्याचा काही भाग पाण्याच्या वर असतो. निदान ९०० मिमी ठेवा. म्हणजे पाया ४०० मिमी उंच आणि दोन्ही तोंडांना दोन-तीन पायऱ्या. पण गुरांना पायऱ्या नकोत, दगडी उतार करा.

व्हाळकाठ
कठडा?

गुण्या_ओळंबा
१.१ मीटर, मधे दोन आडव्या. खांब चॅनेलच्या उभ्या पोटाला बोल्टाने, फळीला नाही. फळीला धरलेला कठडा फळीबरोबरच कुजतो. वरच्या अंगाच्या कठड्याला जाळी लावू नका, पुरात पालापाचोळा अडकून ती भिंत होते.

घाटवाट
परवानगीचं थोडक्यात. जागा वनखात्याची असेल तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये रस्त्यासारख्या गावसुविधांची सोय आहे: १ हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ च्या वर झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने. ठराव दिवाळीआधी करा, कागद फिरायला वेळ लागतो. अभयारण्यात असाल तर वन्यजीव विभागाचं वेगळं. ऐन, किंजळ, जांभूळ, साग मालकीच्या जागेतला असला तरी तोडीला परवाना लागतो, फळ्यांच्या लाकडासाठीही. वखारीतून आणत असाल तर पावती आणि वाहतूक पास बरोबर ठेवा, नाक्यावर विचारतात.
वेळापत्रक: पाया जानेवारीत, १४ दिवस गोणपाट ओलं ठेवून. माल फेब्रुवारीत, उभारणी मार्चच्या आत. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घाटात वळीव कोसळतो, तेव्हा पात्रात घोडी उभी नसावी.

लोखंडी_चणे
फॅब्रिकेशनचं माझ्याकडून. सगळी भोकं पाडून साकव कारखान्याच्या अंगणात एकदा पुरा जोडा. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पंचाने एकच खूण ठोका: एक टिंब, दोन टिंबं, तीन, चार. रंगाने लिहिलेलं गॅल्व्हनायझिंगमध्ये टिकत नाही, पंचाची खूण राहते. मग सुटं करून हॉट डिपला (वितळलेल्या जस्तात बुडवायला) पाठवा. या जाडीच्या मालाला ८५ मायक्रॉन थर बसतो. त्यानंतर वेल्डिंग अजिबात नाही. वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो, आणि गंज तिथूनच.
एका टेकणाची भोकं गोल, दुसऱ्याची लांबट. ८.६ मीटर चॅनेल उन्हाने ३ मिमी वाढतो. लांबट भोक जांभ्याच्या बाजूला ठेवा, तो पाया ढकलला जाऊ नये.
बोल्ट १६ मिमी, ८.८ ग्रेड. एका सांध्याला वरच्या पट्टीत सहा, खालच्या पट्टीत सहा, पोटाला आठ. चार सांधे, म्हणजे ८०. वर दहा टक्के, ८८ न्या. नट पऱ्यात पडला की सापडत नाही.

जांभा_चिरा
८८ साधे वायसर घेऊन गेलात तर अडकाल. चॅनेलच्या पट्टीची आतली बाजू उतरती असते. तिथे सपाट वायसर एका कडेवरच बसतो आणि आवळताना बोल्ट वाकतो. पट्टीतले बोल्ट ४८, तेवढे टेपर वायसर आणि वर पाच जादा.

लोखंडी_चणे
बरोबर, राहिलंच. आणि टेपरची जाड कड पट्टीच्या काठाकडे, जिथे पट्टी पातळ असते. उलटे बसले तर उतार दुप्पट होतो.